भिंगांची चंची

१९७८ साली मी एकेचाळीस वर्षांचा होतो आणि माझ्यासारखा टाका सगळ्या मद्रासेत कुणाचा नाही, अशी माझी खात्री होती. आजही आहे. हात थरथरतात, सुईचं नेढं दिसत नाही, पण खात्री जागची हललेली नाही.

आम्ही तंजावरकडचे मराठी शिंपी. शाळा माझी तिसरीपर्यंत, तीही तमिळ. मराठी लिहायला वडिलांनी शिकवलं, कापड बेतायच्या खडूने, काळ्या कापडावर. अक्षर चुकलं की कापड झटकायचं, अक्षर गेलं. कागदावर तसं करता येत नाही. म्हणून हे जे लिहितोय ते एकदाच लिहितोय.

घर सैदापेटेत, दोन खोल्यांचं. पुढच्या खोलीत माझी पायमशीन. कपडे शिवणं मी कधीच सोडलं होतं. गिऱ्हाईक आरशासमोर उभं राहून एक खांदा खाली सोडतं आणि दोष शिंप्याला देतं, ते माझ्या स्वभावाला मानवेना. मी गिंडीच्या कारखान्यांची पार्सलं शिवायचो. तेव्हा पोस्टाने काही किमती किंवा फुटणारं पाठवायचं तर डबा मांजरपाटात शिवायचा, टाक्यांच्या गाठींवर लाख वितळवून ठसा मारायचा, मगच खिडकीतला माणूस तो हातात घ्यायचा. पार्सल आरशात बघत नाही. मला ते काम आवडायचं. कारखान्यांत सगळे मला ‘मास्टर’ म्हणत.

त्यातला एक लहानसा कारखाना भिंगांचा होता. कॉलेजांतल्या मायक्रोस्कोपांची चरे पडलेली भिंगं तिथे पोस्टाने यायची, घासून लख्ख व्हायची आणि पोस्टानेच परत जायची. मालकाला सगळे म्हणतात तसं आम्हीही मुदलाळी म्हणायचो. सडपातळ माणूस, हसला तरी आवाज न करणारा. एक दिवस त्याने मला टेबलाशी बोलावलं. टेबलावर कडेच्या कपच्या उडालेली चार भिंगं मांडून ठेवली होती.

“मास्टर, जाताना आपण नीट पाठवतो,” तो म्हणाला. “तिकडची माणसं तुमचं कापड फाडतात, डबा टाकून देतात आणि येताना भिंगं वर्तमानपत्रात गुंडाळून पाठवतात. मला अशी पिशवी करून द्या, जी जाईल, येईल, पुन्हा जाईल. दहा वेळा. आतल्या भिंगाला धक्का नको.”

“झाली म्हणून समजा,” मी म्हणालो. विचार न करताच म्हणालो.

आठ दिवस मी त्या पिशवीला लागलो. बाहेरून खाकी ड्रिल, आत तागाचा पदर, त्याच्या आत सावरीचा कापूस, पुन्हा ताग, पुन्हा ड्रिल. असे पाच थर मशीनखाली जाईनात तेव्हा हाताने टोचले. भिंगं फ्लॅनेलच्या तुकड्यांत गुंडाळून आत ठेवायची आणि तोंड शिवायचं ते माझ्या टाक्याने. तो टाका वडिलांचा. दोरा बाहेर दिसतच नाही. मी पिशवीत चार भिंगं भरली आणि घरमालकाच्या गच्चीवरून खाली टाकली. एकालाही काही झालं नाही. आळीतली माणसं बघत होती. मी वरूनच मान ताठ करून त्यांच्याकडे बघितलं.

बायको खाली उभी होती. पिशवी तिनेच उचलून आणली. म्हणाली, “वरून पडली तर नाही फुटणार. पण चार दिवस गाडीत हलली तर?”

“गच्चीपेक्षा गाडी उंच असते का?” मी म्हणालो.

पिशवी गेली. पंधरा दिवसांनी परत आली ती ब्लेडने कापून. तिकडच्या कुणाला माझा टाका उसवता आला नव्हता. मला खरं तर बरंच वाटलं, की बघा, असा टाका. पण मुदलाळीने पिशवी उलटी केली आणि तीन भिंगांच्या कडा गेलेल्या निघाल्या. बाहेरच्या धक्क्याने नव्हे. फ्लॅनेल सुटलं होतं आणि भिंगं आतल्या आत एकमेकांवर आपटली होती. चार दिवस हलून.

घरी मी एवढंच सांगितलं की तिकडची माणसं अडाणी आहेत.

दुसऱ्या आठवड्यात जेवायला घरी आलो तर मशीनवर एक वस्तू ठेवलेली. आमच्या स्वयंपाकघरात माझ्या सासूबाईंची चंची खिळ्याला टांगलेली असायची. पानसुपारीची कापडी चंची, एकावर एक कप्पे, घडी घातली की तळहाताएवढी, वरून नाडीचे दोन वेढे. तशीच ही, पण मोठी. माझ्याच उरलेल्या खाकीची, प्रत्येक कप्प्याला गोधडीसारखे हाताचे टाके, आत सावरीचा कापूस. एका कप्प्यात एकच भिंग बसेल एवढी जागा. कप्पे गुंडाळले की कापूस भिंगाभिंगांच्या मध्ये येत होता. वर एक साधी खोळ, आणि नाडीचे वेढे खोळीवरून.

“पान खायला पाठवतेस काय भिंगांना?” मी विचारलं.

“आईचं पान चंचीत कधी चुरगळलं नाही,” ती भात वाढत म्हणाली. “भिंग तर पानाहून जाड.”

“आणि लाख? नाडीवर लाख सांडली की कापड करपतं. दुसऱ्यांदा तीच पिशवी पोस्टवाला घेईल?”

तिने नाडीचं टोक माझ्यासमोर धरलं. गाठ जिथे बसायची तिथे करवंटीची एक चकती ओवली होती, मध्ये खोलगट. लाख त्या खळग्यात पडणार. तिकडच्या माणसाने वरून दगड मारला की लाख उडणार, कापडाला काही नाही.

“आणि ही खोळ उलटी करा,” ती म्हणाली.

मी खोळ उलटी केली. आतल्या बाजूला मुदलाळीचा पत्ता भरतकामाच्या धाग्याने शिवलेला होता. म्हणजे जाताना एक बाजू, येताना दुसरी. तिकडच्यांना पत्तासुद्धा लिहायला नको.

मला तेव्हाच कळलं की हे चालणार. कुठल्याही शिंप्याला कळलं असतं. पोटात असं काही जळालं की भात तसाच टाकून उठलो. बायकोचा हेवा वाटला हे लिहायला मला इतकी वर्षं लागली. भावाचा वाटला असता तर चारचौघांत सांगितलंही असतं. जिला मशीनला हात लावू नकोस म्हणून मी बजावलं होतं, सुईत दोरा ओवून देण्यापलीकडे जिला मी काही काम दिलं नव्हतं, तिने माझ्या चिंध्यांतून हे केलं होतं.

चंची मी मुदलाळीकडे घेऊन गेलो. का नेली तेही सांगतो. फुटावी म्हणून नेली. गाडीत हलू दे, फुटू दे, मग घरात पुन्हा कुणी मला शहाणपणाच्या गोष्टी सांगणार नाही. कुणी केली ते मी सांगितलं नाही, त्याने विचारलंही नाही.

ती गेली, आली, पुन्हा गेली. तीन खेपा झाल्या. एकाही भिंगाची कपची उडाली नाही. मुदलाळीने चंची टेबलावर उलगडली आणि तो एकेका कप्प्यात बोट घालून बघत राहिला. एका कॉलेजातून चिठ्ठी आली होती, ती त्याने वाचून दाखवली. ही पिशवी ज्याने शिवली त्याला नमस्कार सांगा, असं लिहिलं होतं.

“मास्टर, हे डोकं कुठे ठेवलं होतंत इतके दिवस?” तो म्हणाला. “अशा चाळीस करा.”

मी मान हलवली. नाही म्हणण्यासाठी हलवायची होती, हलली होय म्हणून. वाटेत मला वाटलं, आता तरी आत गार वाटेल. वाटलं नाही. दुसऱ्याचा नमस्कार आपल्या खिशात घेऊन हिंडणं म्हणजे काय, ते त्या दिवशी कळलं. तो खिशात टोचतो.

चाळीस चंच्या सुरू झाल्या. बेतणं आणि मशीनचं काम माझं, कापूस आणि हाताचे टाके तिचे. कारखान्यातून मी एक टाकाऊ भिंग घरी आणलं होतं. ती पाणी भरायला गेली की भिंग लावून तिचे टाके तपासायचो. सरळच असायचे. एकदा सातव्या ओळीत एक टाका लांब सापडला. त्या दिवशी मी दोनदा भात मागून घेतला. तिला वाटलं, रसम चांगलं झालंय.

आणखी एक केलं. आमच्या घराण्याची खूण असते, आतल्या कोपऱ्यात लाल दोऱ्याचे दोन टाके. वडिलांनी शिवलेल्या प्रत्येक कपड्यात ते होते, माझ्याही प्रत्येक पार्सलात असायचे. चाळीसही चंच्यांना मी ते घातले. एकदा घालत असताना ती समोर कापूस पिंजत बसली होती. तिने बघितलं. हात थांबला, मग पुन्हा चालू झाला.

चंच्या दुसऱ्या दिवशी द्यायच्या होत्या, तेव्हा दुपारी चारच्या सुमाराला मुदलाळी स्वतः घरी आला. कधी आला नव्हता. मी स्टूल पुसून दिलं. त्याने खिशातून रुमाल काढला, रुमालातून दोन लोलक. तीन कडांच्या जड काचा, धारेसारख्या.

“यांचंही काम सुरू करतोय,” तो म्हणाला. “एका पिशवीत सहा बसवायचे. या त्रिकोणी वस्तू गुंडाळल्या तर मोळीसारख्या होतात. कसं कराल?”

मी लोलक हातात घेतले. फिरवले. पुन्हा फिरवले. डोक्यात काही म्हणजे काही येईना. चाळीस चंच्या शिवूनही ती चंची माझ्या डोक्यात शिरलीच नव्हती, नुसती हातातून गेली होती. मुदलाळी माझ्या तोंडाकडे बघत होता.

स्वयंपाकघराच्या दारातून आवाज आला, मराठीत, हळू. “अहो, एक उताणा ठेवा, शेजारी एक पालथा. सपाट होतील.”

मी ठेवले. सपाट झाले. “एक उताणा, एक पालथा,” मी मुदलाळीला तमिळमध्ये म्हणालो.

“अरे!” तो पुढे सरकला. “पण मग बाजू बाजूला घासेल.”

“मध्ये कापडाची जीभ सोडा,” आतून आवाज. “कप्प्याचंच कापड दुमडून.”

“मध्ये कापडाची जीभ,” मी म्हणालो.

“बरं, आणि या धारा? कापूस किती दिवस टिकेल यांच्यापुढे?”

मी दाराकडे बघितलं नाही, पण कान तिकडेच होते. “कडांना कापूस नको म्हणावं. काथ्याची वात घाला. काथ्या सरकत नाही,” आतून आलं.

“कडांना काथ्या,” मी म्हणालो.

मुदलाळीने एकदा दाराकडे बघितलं. मग त्याने विचारलं, “अम्मा मघापासून काय म्हणतायत?”

“कॉफी घेणार का, विचारते,” मी म्हणालो.

त्याने लोलक रुमालात बांधले. उठला. ते त्याचं बिनआवाजाचं हसू त्याच्या खांद्यांवर दिसत होतं.

“मास्टर, तीन वेळा विचारलं त्यांनी,” तो म्हणाला. “कॉफी काही आली नाही, पिशवी मात्र झाली.”

मग दाराकडे वळून त्याने हात जोडले, “येतो, अम्मा,” म्हणाला आणि चपला घालून गेला.

मी स्टुलावर बसलो. ती बाहेर आली, पदराला हात पुसत, तोंडावर काही नाही.

“काय हो, ठेवू का कॉफी?”

“नको,” मी म्हणालो.

संध्याकाळभर मला त्या हसण्याचं काही वाटलं नाही. वाटलं ते वेगळंच. तिचं तमिळ माझ्यापेक्षा चांगलं. बाजारात ती बोलते, मी पिशवी धरतो. तिला सरळ मुदलाळीशीच बोलता आलं असतं. मास्टर कोण ते तीन वाक्यांत कळलं असतं त्याला. ती बोलली मराठीत. म्हणजे बोलली माझ्याशी, मला सांगायला, की मी सांगावं. माझी अब्रू तिने त्या तीन वाक्यांत, चंचीत भिंग ठेवावं तशी ठेवली होती. आणि मी तिच्या पिशवीत माझ्या बापाचा लाल दोरा घालून बसलो होतो. जळणं तरीही थांबलं नव्हतं, हे प्रामाणिकपणे सांगतो. उलट वाढलंच, कारण असं वागणंही मला सुचलं नसतं.

चुकलं म्हणणं आमच्या घराण्यात नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी उजाडल्यावर मी खिडकीपाशी चाळीस चंच्यांचा ढीग घेऊन बसलो. अर्धं ब्लेड घेतलं आणि एकेक उलगडून आतल्या कोपऱ्यातले लाल टाके उसवायला लागलो. आठ-दहा झाल्या असतील तेव्हा ती न्हाऊन आली, ओल्या केसांना पंचा बांधलेला.

“हे काय? आज द्यायच्यात ना?”

“दोरा कच्चा होता,” मी म्हणालो.

“लाल?”

“लाल.”

ती माझ्यासमोर बसली. उसवलेली एक चंची उचलून तिने कोपरा बघितला. तिथे नुसती चार भोकं राहिली होती.

“मग पक्का कुठला?” तिने विचारलं.

मी मशीनचा खण ओढला, रिळांचा डबा काढला आणि “तूच निवड,” म्हणत तिच्याकडे सरकवला. ती कितीतरी वेळ रिळं उजेडात धरून बघत होती. मी पुढची चंची घेतली.