भिंतीपलीकडे कोणीतरी झोपलंय

तुमच्या घरातल्या लहान मुलाला दिवसा मोठ्याने हसायला कोणाची परवानगी घ्यावी लागते का? प्रश्न विचित्र वाटेल. पण चार वर्षांचं एखादं मूल ओळखीचं असेल तर आठवून बघा, ते दिवसातून किती वेळा किंचाळतं, ताट आपटतं, उगाच एखादा शब्द ओरडत घरभर फिरतं. तुम्ही वैतागून ‘हळू’ म्हणता आणि ते ऐकत नाही. ऐकत नाही हेच बरं. माझ्या बालवाडीत एक मुलगी होती, तिने ऐकलं होतं.

बालवाडी महाळुंग्यात आहे. शेत कंपन्यांना गेल्यावर एका गावकरी कुटुंबाने उरलेल्या जागेत पत्र्याच्या खोल्यांची रांग बांधली, त्यातली कडेची खोली आमची. बाकीच्या खोल्यांत कंत्राटी कामगार राहतात, बीड, परभणी, लातूरकडचे. आमच्या भिंतीला लागून असलेल्या खोलीत काही पोरं मिळून राहतात, शिफ्टप्रमाणे झोपेची पाळी लावून. आम्ही सकाळी गाणं सुरू करतो तेव्हा पलीकडे कोणीतरी रात्रपाळी करून नुकतंच आडवं झालेलं असतं. भिंतीवर थाप पडते. आमचं गाणं खाली येतं. टाळी आम्ही एका बोटाने वाजवतो, डाव्या तळव्यावर उजव्या हाताचं एक बोट. नव्या मुलांना तो खेळ वाटतो. मला कधी वाटला नाही, पण दुसरं काही सुचलंही नाही.

घरमालकीण मावशी अधूनमधून दारात येऊन उभ्या राहायच्या. मुलांना शेंगदाण्याचे लाडू आणायच्या आणि मलाच बोलायच्या. “पोरं हायती का पारवं ओ बाई? सकाळधरनं नुसती घुमत्यात. भाडेकरी उठून गेला मंजी?” मी म्हणायचे, मावशी, बालवाडी आहे, मठ नाही. त्या म्हणायच्या, मठात तरी घंटा वाजती.

ती मुलगी आली ती पावसाळ्याच्या तोंडावर. आईचा पदर धरून नाही, सरळ आत येऊन भिंतीशी बसली. नाव विचारलं तर ओठ हलले, आवाज आला नाही. मी कान जवळ नेला तेव्हा ऐकू आलं. कुजबुज होती ती. स्वच्छ, पूर्ण, एकही अक्षर न गाळलेली कुजबुज. पुढे कळलं की ती सगळंच तसं बोलते. गाणी पाठ, रंग ओळखता येतात, चिऊकाऊची गोष्ट उलटसुलट सांगते, पण सगळं श्वासाच्या आवाजात. डबा उघडताना झाकण पोटाशी दाबून धरायची, ‘टक्’ होऊ नये म्हणून. ठोकळे रचायची आणि मनोरा पडायला लागला की दोन्ही हात पसरून ठोकळे अंगावर झेलायची. इतर मुलं मनोरा पाडण्यासाठीच रचतात.

तिला नीट ऐकू येतं का, अशी शंका मला आली. एकदा तिच्या मागे मुद्दाम स्टीलची ताटली पाडली. ती दचकली, वळली, ताटली उचलून घट्ट छातीशी धरली आणि खोलीत इकडेतिकडे बघू लागली. कोण जागं झालं ते शोधत होती.

मी तिच्या आईला भेटले. आई घरीच पॅकिंगच्या पिशव्या चिकटवण्याचं काम करायची, कारण त्या कामाचा आवाज होत नाही. खोली आमच्याच रांगेत, मागच्या बाजूला. खिडकीला कंपनीतल्या खोक्याचा पुठ्ठा लावलेला, भर दुपारी आत संध्याकाळ. जमिनीवर एक माणूस डोक्यावरून चादर घेऊन झोपलेला. मला वाटलं नवरा. ती म्हणाली, नाही, हा दीर. नवरा कामावर गेलाय. नवरा आला की दीर जातो, दीर आला की नवरा. दोघांच्या पाळ्या अशा बसल्या होत्या की त्या खोलीत कोणी ना कोणी कायम झोपलेलं असायचं. आम्ही दारात उभ्या राहून बोललो, आणि मीही कुजबुजतच बोलत होते हे बाहेर पडल्यावर माझ्या लक्षात आलं.

“लई गुणाची हाय बाई ती,” आई म्हणाली. “घरात हाय का न्हाई ते बी कळत न्हाई.”

तिच्या बोलण्यात अभिमान होता. त्या खोलीत मुलगी गुणाची असणं म्हणजे दोन कमावत्या माणसांची झोप वाचणं.

मी पत्रकांवर वाढलेली मुलगी आहे. वडील पिंपरीत एका कंपनीत युनियनचं काम करायचे. घरात पुस्तकं थोडी आणि पत्रकांचे गठ्ठे फार. मला अक्षरओळख झाली ती गेटवर वाटायच्या कागदांच्या घड्या घालताना. शब्द म्हणजे मोठ्याने म्हणायची गोष्ट, असंच मला वाटत आलं. म्हणून त्या मुलीची शांतता मला सहन होत नव्हती. रोज घरी येऊन मी मनातल्या मनात तिच्यावर एक पत्रक लिहायचे आणि रोज ते अर्ध्यावर अडायचं, कारण शत्रू कोण ते सापडायचं नाही. बाप? काका? भिंतीवर थाप मारणारा, झोपेने मेलेला पोरगा?

मग श्रावणात एक दिवस कळलं. मुलं भिजून आली होती, खोलीत नुसता गोंधळ होता, आणि एक मुलगी आनंदाने किंचाळली. ही धावत गेली. तिच्या तोंडावर तळहात दाबला. रागाने नाही, काळजीने. आणि कुजबुजली, “वरडू नको. तुझ्या पप्पाचं बोट तुटंल.”

तिच्या वडिलांची उजव्या हाताची करंगळी आणि शेजारचं बोट प्रेसच्या मशीनमध्ये गेलं होतं, ती बालवाडीत येण्याच्या आदल्या वर्षी. ते मला ठाऊक होतं. या पट्ट्यात अशा हातांचं कोणाला नवल नाही. चहाच्या टपरीवर ग्लास धरलेले हात बघा, कळेल. पण आईला विचारलं तेव्हा कळलं की अपघाताच्या आदल्या दिवशी मुलीला ताप होता, ती दिवसभर रडत होती, बापाला झोप मिळाली नव्हती. पुढे कधी ती हट्ट करायला लागली की काका चेष्टेत म्हणायचा, “आता तिसरं बी बोट घालवतीस का पप्पाचं?” काका वाईट नाही. विशीतलं पोरगं, पुतणीला खांद्यावर बसवून टपरीवर नेणारं, ओव्हरटाइम झाला की तिला कुरकुऱ्यांचं पाकीट आणणारं. त्याने गंमत केली. तिने खरं मानलं. तिच्या लेखी तिच्या गळ्यात एक मशीन होतं आणि ते चालू झालं की बाप तुटत होता.

मी निरोप पाठवला की वडिलांना भेटायचंय. ते गुरुवारी आले, आठवड्याच्या सुट्टीला, आंघोळ करून, केस विंचरून, उजवा हात खिशात. मुलीला सोबत आणलं होतं. ती ठोकळ्यांकडे गेली आणि आम्ही ओट्यावर बसलो. मी जे ऐकलं होतं ते सांगितलं. ते म्हणाले की त्यांना हे माहीत नव्हतं, भावाला सांगतील. मी म्हटलं, भावाला नाही, तुम्ही तिला सांगा. बोटं तिच्यामुळे गेली नाहीत, असं तुमच्या तोंडून तिला कळू द्या.

“पण मॅडम, खोटं कसं सांगू?” ते म्हणाले. “झोप झाली असती तर बोटं ऱ्हायली असती. हिच्या मायलाबी तेच वाटतं. आमी बोलत न्हाई एवढंच.”

मला वाटलं होतं, राग कोणावर काढायचा ते मला सापडेल. आणि समोर तर हा बाप बसला होता, स्वतःवरच आणि स्वतःच्या लेकरावर आळ घेऊन. मी मशीनबद्दल विचारलं. हात आत असताना मशीन खाली येऊ नये म्हणून सेन्सर असतो, तो चालू होता का? ते हसले. कसला चालू. माल निघेना म्हणून महिनाभर बंद करून ठेवला होता, साहेबानेच सांगितलं होतं, सगळ्यांना माहीत होतं.

“भाऊ,” मी म्हटलं, “झोप आलेल्या माणसाचा हात वाचावा म्हणूनच तर तो सेन्सर असतो.”

त्यांनी खिशातून हात बाहेर काढला आणि ते नुसते त्याच्याकडे बघत बसले. मला वाटतं, इतक्या दिवसांत त्यांना हे कोणी सांगितलं नव्हतं. अपघाताचा कागद करायला आलेल्यांनी नाही, कंत्राटदाराने तर नाहीच. मुकादमाने एवढंच म्हटलं होतं की लक्ष देत जा राव.

आम्ही तिला घेऊन मागच्या मोकळ्या प्लॉटवर गेलो. एरवी तिथे कंटेनर उभे असतात, गुरुवारी जागा रिकामी होती. नुसत्या बाभळी, चिखलात वाळलेले टायरचे चर आणि आसपास झोपलेलं कोणी नाही. वडील उकिडवे बसले, तिच्या पुढ्यात हात धरला. म्हणाले की बोटं मशीननं घेतली. मशीन नीट नव्हतं. तू लहान होतीस, ताप आला की लहान लेकरं रडतात, त्याने काही होत नसतं.

ती हाताकडे बघत राहिली. मग कुजबुजली, “मग वरडू?”

“वरड.”

तिने तोंड उघडलं. काहीच आलं नाही. पुन्हा उघडलं. मानेच्या शिरा ताणल्या, तोंड लाल झालं, आणि एकदम आवाज फुटला, घोगरा, खरखरीत, कित्येक महिने न वापरलेला. “पप्पा” म्हणाली ती. बाभळीवरची पाखरं उडाली. मला इतका आनंद झाला की मी टाळ्या वाजवल्या, पूर्ण हातांनी.

ती माझ्याकडे बघत नव्हती. ओरडून होताच ती बापाच्या अंगावर धावली, त्याचा हात दोन्ही हातांत घेतला आणि उरलेलं एकेक बोट चाचपून बघू लागली. सगळी झाल्यावर दुसरा हात मागितला. तोही तपासला. बापाने मान वळवली, माझ्याकडे पाठ करून बसला. मी तिथून जरा लांब जाऊन उभी राहिले.

त्यानंतर ती मोठ्याने बोलायला लागली असेल असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटलं होतं. पण सत्य कळलं म्हणून खोली मोठी होत नाही. घरी काका झोपलेला होताच. भिंतीपलीकडची पोरं झोपलेली होतीच. गुरुवारी तेवढं प्लॉटवर ओरडायचं आणि उरलेले दिवस श्वास रोखून राहायचं, हे चार वर्षांच्या मुलीला जमत नाही. तिने सोपं ते निवडलं आणि गप्प राहिली. एवढाच फरक पडला की मनोरा पडताना ती आता झेलायची नाही. डोळे मिटून घ्यायची.

मला रोज लागणारी जागा हवी होती. बंद दाराची, जिथे शेजारी कोणी झोपलेलं नाही. मी मोशीत राहते, नव्या बिल्डिंगांच्या सोसायटीत, भाड्याने. आमच्याकडे तळमजल्यावर मोठा हॉल आहे. गणपतीत आणि वाढदिवसांना उघडतो, बाकी वर्षभर खुर्च्यांची चळत आणि धूळ. मी सोसायटीच्या सभेत विषय मांडला की दुपारचे दोन तास हॉल द्या, मुलांना रिक्षाने आणायची सोय मी बघते, झाडूनही मीच देईन. लोक चांगले आहेत आमच्याकडे. शिकलेले, इंजिनिअर, शिक्षक. कोणी वाकडं बोललं नाही. चहा दिला. एका काकांनी माझ्या कामाचं कौतुक केलं आणि मग समजावलं की बेटा, इथे बरेच जण घरून काम करतात, दुपारी मीटिंग असतात, मुलांचा आवाज होईल.

मी म्हटलं, हो, होईल. त्यासाठीच मागतेय.

सगळे हसले. विषय पुढच्या सभेवर गेला.

पुढची सभा व्हायच्या आत तिच्या वडिलांना ब्रेक मिळाला. आमच्या भागात हा शब्द असा वापरतात, जणू विश्रांती दिली. कंत्राटी माणूस ठरावीक महिन्यांनंतर कायमचा मानावा लागू नये म्हणून त्याला मध्येच घरी बसवतात, मग परत घेतात किंवा घेत नाहीत. यांना घेतलं नाही. दोन बोटं कमी असलेला माणूस दुसऱ्या कंपनीनेही घेतला नाही. काका इथेच राहिला, बाकीचे गावाकडे निघाले. जायच्या दिवशी आई तिला घेऊन बालवाडीत आली. मुलं जेवत होती. आई म्हणाली की गावाकडं लई मोकळं हाय, आता वरडंल तेवढं वरडंल. मला धीर देण्यासाठी म्हणाली असावी. गावी काम नाही म्हणूनच ते इथे आले होते.

मुलीने मला खाली वाकायला लावलं आणि कानात काहीतरी सांगितलं. नेमकी तेव्हाच रस्त्यावरून ट्रेलर गेला. मी पुन्हा विचारलं, मोठ्याने सांग की गं. तिने भिंतीकडे बोट दाखवलं आणि नकारार्थी मान हलवली.

तिच्या जागी दुसरी मुलगी आली आहे. भिंतीपलीकडे तीच पोरं आहेत, मावशी तशाच लाडू आणतात. आम्ही अजून एका बोटाने टाळी वाजवतो. आमच्या हॉलचा विषय अजून पुढच्याच सभेवर आहे. हे लिहिताना मी कंपनीवर लिहीन, साहेबावर लिहीन, असं ठरवून बसले होते, आणि ते मी लिहिणारच आहे, गेटवर वाटण्यासाठी. पण तो कागद वेगळा. हा तुमच्यासाठी आहे, जे घरी बसून वाचताय, ज्यांच्या बिल्डिंगखाली असाच एक हॉल कुलूप लावून ठेवलाय.

तुमच्या सोसायटीच्या पुढच्या सभेत हा विषय मांडा. जवळच्या वस्तीतल्या बालवाडीच्या बाईंना शोधा आणि दुपारचे दोन तास त्या हॉलची किल्ली त्यांच्या हातात द्या. सभेत कोणी म्हणेल की आवाज होईल. त्यांना सांगा, हो, होईल. आणि तो झाल्यावर खाली येऊन दार वाजवू नका.