पाळकांच्या सिस्टरबाई

आमच्या छत्रपती संभाजीनगरातले यच्चयावत पाळक, मग ते कुठल्याही पंथाचे असोत, परमेश्वराखालोखाल कुणाला भीत असतील तर आमच्या चर्चच्या मंडळीतल्या सिस्टरबाईंना. खरं तर परमेश्वराला जरा कमीच. तो मन पाहतो आणि क्षमा करतो. सिस्टरबाई जीभ पाहतात, डोळ्याखालची कातडी ओढून पाहतात, आणि क्षमेचं खातं आपल्याकडं नाही असं स्वच्छ सांगतात. उभा जन्म त्यांनी दवाखान्यात नर्स म्हणून काढला. निवृत्त झाल्यावर लोक नातवंडं सांभाळतात, कुंडीत मिरची लावतात. सिस्टरबाईंनी पाळक सांभाळायला घेतले. त्यांचं म्हणणं असं, की मेंढरांकडं बघायला मेंढपाळ असतो, पण मेंढपाळाला ताप आला तर मेंढरं फक्त 'बें' करतात.

मी या मंडळीत पाळक म्हणून आलो त्या पहिल्या रविवारची गोष्ट. उपासना संपली, दारात उभा राहून सगळ्यांचे सलाम घेतले, आणि झगा उतरवायला आतल्या खोलीत गेलो तर तिथं एक ठेंगणी, पांढऱ्या पातळातली बाई खुर्ची सरकवून बसलेली. पिशवीतून तिनं बीपीचं मशीन काढलं. "सलाम पाळकसाहेब. बाही वर करा." मी मुकाट्यानं केली. फसफस हवा भरून, काट्याकडं बघून बाई म्हणाल्या, "उपदेश चांगला होता. पण वरचा एकशे बावन्न हाय. महिनाभर न्यायाच्या दिवसावर बोलायचं नाय. मेंढपाळ, हिरवी कुरणं, संथ पाणी, असलं काही घ्या." मी हसलो. त्या हसल्या नाहीत. पुढच्या रविवारी मी नकळत नरकातल्या आगीच्या सरोवराकडं वळलो, तशी तिसऱ्या बाकावरून असा काही खोकला आला की मी सरोवराच्या काठावरूनच माघारी फिरलो.

त्यांचा दुसरा नेम सोमवारचा. सोमवार हा पाळकाचा सुट्टीचा दिवस, असं कागदावर सगळीकडं असतं. सिस्टरबाईंनी तो कागदावरून उचलून आमच्या फाटकात आणून ठेवला. सकाळी नऊला त्या प्लास्टिकची खुर्ची टाकून फाटकाशी बसायच्या, हातात लोकरीच्या सुया. मेमध्येसुद्धा लोकर. एकदा एक तरुण जोडपं कडाक्याचं भांडून, निवाडा करा म्हणून आलं. सिस्टरबाईंनी वर न बघता विचारलं, "कुणी मेलंय का?" नाही म्हणाले. "कुणी मरायला टेकलंय का?" नाही. "मग भांडण उद्या आणा." ते दोघं परत गेले. दुसऱ्या दिवशी मी दिवसभर वाट पाहिली, कुणी आलंच नाही. आठवड्यानं दोघं बाजारात एका गाडीवर पाणीपुरी खाताना दिसले. मी हे सिस्टरबाईंना सांगितलं तर म्हणाल्या, "बघा. तुमच्यावाचून मिटतं. तुम्हालाच वाटतं मिटत नाय."

मात्र सगळ्यांत अवघड असायचा तो त्यांचा साधा प्रश्न. "कसे आहात?" यावर आम्हा पाळकांचं एक ठरलेलं उत्तर असतं: प्रभूच्या कृपेनं बरं आहे. सिस्टरबाई म्हणायच्या, "प्रभूची कृपा बरी हाय, ते मला ठाऊक हाय. मी तुमचं विचारलं." आणि मग हलायच्या नाहीत. मी विषय बदलून सुटका करून घ्यायचो.

मग ते वर्ष आलं. पावसाळ्यापासून मंडळीत मरणं सुरू झाली. एकामागून एक म्हातारी माणसं, मग एक तरणाताठा मुलगा, चितेगावच्या कंपनीतून मोटरसायकलवर घरी येताना. प्रत्येक घरी मी गेलो, प्रत्येकाला माती मी दिली. आणि दिवाळीच्या सुमाराला माझे वडील गेले. गावी जाऊन त्यांना पुरलं आणि तिसऱ्या दिवशी, रविवारी, उपदेशाला उभा राहिलो. लोक दारात हात हातात घेऊन म्हणाले, "पाळकसाहेब लई खंबीर." मलाही ते ऐकून बरं वाटलं, हे कबूल केलं पाहिजे. पण त्यानंतर माझी प्रार्थना बंद पडली. लोकांपुढं शब्द यायचे, ते तोंडपाठच होते. एकटा बसलो की आत काहीच नसायचं. रिकाम्या घरात हाक मारावी तसं. हे मी बायकोलाही सांगितलं नाही. पाळकानं हे कुणाला सांगायचं?

फेब्रुवारीत एक लग्न होतं. चर्च फुलांनी भरलेलं, नवरा नव्या सुटात घामाघूम. मी पुस्तक उघडलं आणि भारदस्त आवाजात वाचू लागलो, "हा आमचा प्रिय बंधू, याचा देह आम्ही मातीच्या स्वाधीन करतो..." पान चुकलं होतं. मग नवऱ्याचा एक मित्र मागून ओरडला, "बरोबर हाय पाळकसाहेब, आजपासून संपलाच तो!" सगळं चर्च हसलं. नवरी हसली, मीही हसलो, पान उलटलं, लग्न लावलं. तिसऱ्या बाकावर सिस्टरबाई तेवढ्या हसत नव्हत्या.

सोमवारी सकाळी फाटकात खुर्ची नव्हती, रिक्षा होती. "बसा," सिस्टरबाई म्हणाल्या. बायकोनं आतून माझी टोपी आणून दिली, म्हणजे कट घरातूनच शिजला होता. रिक्षा जालना रोडला लागली ती थेट करमाडच्या पुढं, सिस्टरबाईंच्या बहिणीच्या शेतात. तिथं मोसंबीच्या झाडाखाली सतरंजी टाकली होती आणि भुईमुगाच्या शेंगांचं अर्धं पोतं. "फोडा. बोलायचं नाय," म्हणाल्या आणि स्वतः समोर बसून फोडू लागल्या. मी फोडत राहिलो. टरफलांचा ढीग गुडघ्याएवढा झाला, बोटांची सालं निघाली. माझे वडील शेंगा अंगठ्यानं दाबून फोडायचे आणि पहिला दाणा आम्हाला द्यायचे. ते आठवलं आणि हातातली शेंग तशीच राहिली. किती वेळ रडलो सांगता येणार नाही. सिस्टरबाई फोडतच होत्या.

शेवटी मी म्हणालो, "सिस्टरबाई, मला प्रार्थना येत नाही."

मला वाटलं, आता आभाळ कोसळेल. त्यांनी नुसतं विचारलं, "कधीपासून?"

"चार महिने झाले."

"मग तूर्त करू नका. ऑपरेशनच्या पेशंटला चालायला लावत नाय आपण. तोवर मी करते." आणि तिथंच डोळे मिटून, ड्यूटी बदलताना दुसऱ्या नर्सला सांगावं तशा त्या बोलल्या, "प्रभू, पाळक, वय बेचाळीस. झोप नाय, भूक अर्धी. बाप वारला, आज पहिल्यांदा रडला. तुझ्या ताब्यात देते. नजर ठेव. आमेन."

इतकी छोटी आणि इतकी नेमकी प्रार्थना माझ्यासाठी कुणी केली नव्हती.

तेवढ्यावर त्या थांबल्या नाहीत. त्याच आठवड्यात मंडळीचा कारभार बघणाऱ्या पंचांच्या सभेत जाऊन उभ्या राहिल्या आणि मला सहा आठवड्यांची रजा मागितली. एक वडीलधारे पंच गरम झाले. "पाळक रजेवर गेले तर मंडळी कोण सांभाळणार?" सिस्टरबाई म्हणाल्या, "आतापर्यंत जो सांभाळतोय तोच." पंचांनी समोर ठेवलेल्या पवित्र शास्त्राकडं पाहिलं. रजा मिळाली. पहिले दोन आठवडे मी झोपलो. पाचव्या आठवड्यात एका सकाळी, दाढी करताना, तोंडाला फेस असतानाच, प्रार्थनेच्या सुरुवातीचा 'बापा' एवढा एकच शब्द आपसूक आला. मी आरशासमोर तसाच उभा राहिलो.

मी सावरल्यावर सिस्टरबाईंनी कामाचा पसारा वाढवला. दर सोमवारी दुपारी त्यांच्या दोन खोल्यांत शहरातले पाच पाळक जेवायला. यातले एक बाप्तिस्मा देताना बाळांच्या डोक्यावर पाणी शिंपडणारे, एक मोठ्यांना हौदात बुडवणारे. दोघं वर्षानुवर्षं एकमेकांना सलामही करत नव्हते. सिस्टरबाईंनी त्यांना कॅरमला भिडू केलं. नियम एकच, चर्चबद्दल बोलायचं नाही. पहिल्या दिवशी आम्ही पाच जण मटणाचा खलिया खात वीस मिनिटं गप्प बसलो, कारण दुसरं काही बोलायला आम्हाला येतच नव्हतं. आता बुडवणारे आपल्या मुलाची दारू कशी सुटत नाही ते शिंपडणाऱ्यांना सांगतात, आणि शिंपडणारे नुसते ऐकतात. उपदेश करत नाहीत. केला तर सिस्टरबाई ताट उचलतात.

हे सगळं त्या का करतात, ते मी एकदा भांडी पुसता पुसता विचारलं. हातातलं पातेलं फडताळात ठेवून त्या बोलल्या. नव्यानं नोकरीला लागल्या होत्या तेव्हाची गोष्ट. वॉर्डात एक म्हातारा शेवटच्या घटका मोजत होता, पाळकाची वाट बघत होता. उंच, शिडशिडीत, तरुण पाळक होते. ते दोन तास उशिरा आले. "मी त्यांना सगळ्यांसमोर झापलं, पाळकसाहेब. म्हटलं, मरणाराला तुमच्या सवडीनं मरता येत नाय. ते म्हणाले, चूक झाली सिस्टर. म्हाताऱ्यापाशी बसले, गीत म्हटलं, प्रार्थना केली, गेले. तिसऱ्या दिवशी कळलं, त्या सकाळी स्वतःच्या लेकीला माती देऊन आले होते. तीन वर्षांची. कुणाला बोलले नाय. कुणी विचारलंबी नाय." माफी मागायला त्या घरी गेल्या, तोवर घराला कुलूप होतं. पाळकी सोडून ते कुठं गेले, ते आजवर कुणाला कळलं नाही.

आता सिस्टरबाईंचे गुडघे गेलेत. शनिवारी त्यांच्याबरोबर शहागंजात भाजीला मी जातो, पिशवी धरायला. गर्दीत एखादा उंच, वाकलेला म्हातारा पाठमोरा दिसला की त्या एकदम भराभर चालू लागतात, माझा हात सोडून. त्याच्या पुढं जातात, वळून चेहरा बघतात. मी पोचतो तोवर त्या श्वास घेत उभ्या असतात.

"नाय," म्हणतात, "हे नव्हं." आणि मेथीची जुडी उचलून तिची पानं निरखत राहतात.