फळीवरची वाट

"कागद खिशात घाला. गाव सांगा."

रेकॉर्ड रूमच्या दारात कुणी चिठ्ठी पुढं केली तरी चाचा तिच्याकडं बघायचेसुद्धा नाहीत. गावाचं नाव ऐकायचे, क्षणभर डोळे मिटायचे आणि आत जायचे. तुम्ही तंबाखू मळून तोंडात टाकेपर्यंत लाल रुमालात बांधलेलं त्या गावाचं दप्तर टेबलावर! मुळशी खोऱ्यातली ही कचेरी कुठली ते विचारू नका. तिथली बरीच माणसं अजून पेन्शन खाताहेत, मीही त्यातलाच.

आणीबाणी उठली त्या वर्षी मी तिथं कारकून म्हणून चिकटलो. चाचा शिपाई, वयानं माझ्या दुप्पट. मी पहिल्यापासून विसरभोळा. बायकोनं सांगितलेलं औषध आणायचं रोज विसरायचो आणि रोज बोलणी खायचो. चाचांना दया आली.

"इसरायची न्हाई ती वस्तू वाटंत ठेवावी, भाऊसाहेब. पायाला लागली पायजे. औषधाची मोकळी बाटली सायकलच्या शिटावर ठेवा. बसताना टोचली की आठवंल."

"आणि माणसांची नावं?"

"त्येला आपल्या आळीत घर द्यायचं. नवा तलाठी आला, मी त्येला मनात कुंभाराच्या शेजारी बसवला. आता कुटं जातोय?"

खरंच सांगतो, त्या बाटलीनं माझा संसार वाचवला.

दप्तरांचं गुपितही त्यांनीच चहा पिता पिता सांगितलं. त्यांचे वडील बांगड्यांच्या माळा खांद्यावर टाकून खोरंभर फिरायचे, आणि चाचा सहा वर्षांचे असल्यापासून त्यांच्या मागं. तीच वाट चाचांनी फळ्यांवर मांडली होती.

"दारापाशी भूगाव, मग भुकूम. पिरंगुटला उजव्या अंगाला वळलं की लवळे, भरे. परत यायचं आन् पौडाकडं चढायचं. पार वरच्या फळीला ताम्हिणी. मी हुडकत न्हाई, भाऊसाहेब. मी चालतो. अब्बा म्होरं असत्यात."

मग नवे साहेब आले. आल्या आल्या विचारलं, "कचेरीत काय सुधारणा करता येईल?" सगळे माना खाली घालून बसले. मी दीडशहाणा! उभा राहून म्हणालो, "साहेब, दप्तरं अकारविल्हे लावावीत. मग कुणालाही सापडतील." साहेब खूश. चाचा तेव्हा बाहेर पाणी भरत होते.

तीन दिवस आम्ही गठ्ठे हलवले. प्रत्येक फळीवर माझ्या वळणदार अक्षरातल्या चिठ्ठ्या लागल्या. ताम्हिणी आणि नांदे एकाच फळीवर आले. एक घाटात, दुसरं पुण्याच्या उंबऱ्याशी. चाचा शिडीवरून गठ्ठे घेत होते आणि "व्हय साहेब" एवढंच म्हणत होते.

चौथ्या दिवशी भरे गावची एक बाई वारसनोंदीची नक्कल मागायला आली. चाचा आत गेले ते अर्धा तास झाला तरी येईनात. मी आत गेलो. चाचा मधोमध उभे, अंगातला सदरा घामानं चिकटलेला.

"दार लावा," ते म्हणाले. मग हळूच, "मला वाचता येत न्हाई."

मी हसलो. मला वाटलं, थट्टा करताहेत. मग त्यांचा चेहरा पाहिला आणि दार लावून घेतलं.

चौथी पासचा दाखला एका मास्तरांनी दया येऊन दिलेला, तीसएक वर्षांपूर्वी. "मी शाळा सोडली न्हाई, भाऊसाहेब. गेलोच न्हाई कदी. दीड वरीस राहिलंय पेन्शनला. साहेबाला कळलं तर नोकरी जाईल आन् खोटा दाखला म्हून वर खटला व्हईल. पाया पडतो, बोलू नका कुटं."

दप्तरं पुन्हा पहिल्यासारखी लावू या म्हणावं, तर साहेब विचारणार, "का?" रजा मागावी, दुसरं काम मागावं, तरी तोच प्रश्न. त्या बिनखिडकीच्या खोलीत आम्ही दोघंही कोंडलो गेलो. चिठ्ठी आली की मी काहीतरी निमित्त काढून मागोमाग आत जायचो. आठवड्यात साहेबांनी हटकलं, "तुमचं टेबल बाहेर आहे ना?"

"मी अक्षरं शिकवतो," मी चाचांना म्हणालो.

"कुटं? साहेबाच्या डोळ्यांदेखत पाटी घिऊ व्हय? त्यापेक्षा एकदा हिकडनं तिकडं नावं वाचून दावा."

जेवणाच्या सुट्टीत मी वाचली. अंबडवेट, आंदगाव, उरवडे. चाचा फळीला हात लावत मागून म्हणत होते. ताम्हिणीच्या फळीपाशी वैतागले. "घाटातनं एका उडीत नांद्याला? ह्येला काय वाट म्हनायची!" पण दुसरा इलाज नव्हता. माठ भरताना, सायकल ढकलताना, सारखी तीच घोकणी. "नमाजातबी हेच येतंय, तौबा तौबा," म्हणायचे.

महिन्यात जमलं. दप्तर पुन्हा झटक्यात टेबलावर येऊ लागलं. पण आता चाचा डोळे मिटत नसत; ओठ पुटपुटायचे, परीक्षेच्या पोरासारखे. एक दिवस खंड पडला तर विसरू, या धास्तीनं त्यांनी दीड वर्षात एक रजा घेतली नाही. ताप अंगात घेऊन यायचे. गप्पा तर बंदच झाल्या.

निवृत्तीला हार, नारळ, शाल झाली. नवी पद्धत चाचांनी महिन्यात आत्मसात केली, असं साहेब भाषणात म्हणाले. नंतर मी त्यांना स्टँडवर सोडायला गेलो. माझंच मन हलकं व्हावं म्हणून म्हणालो, "सुटलात, चाचा! आता म्हणा बघू अब्बांची वाट."

चाचांनी हसून डोळे मिटले. "भूगाव, भुकूम, भरे..." थांबले. "न्हाई न्हाई." पुन्हा सुरू केलं, तर तोंडातून आपोआप निघालं, "अंबडवेट, आंदगाव, उरवडे..." त्यांनी ओठ घट्ट मिटले. हातातल्या नारळाकडं बघत राहिले.

"भाऊसाहेब, पिरंगुटला अब्बा कुनीकडं वळायचे?"

"उजवीकडं, चाचा."

"व्हय का?" ते म्हणाले, पहिल्यांदाच ऐकल्यासारखं.

तेवढ्यात बस आली. चाचांनी माझे दोन्ही हात धरले. "तुमी व्हता म्हून निभावलं. अल्ला तुमचं भलं करो."

अकारविल्हेची कल्पना माझी होती, एवढं एकच वाक्य बोलायचं होतं. ते खिडकीशी जाऊन बसले, मी खाली उभा होतो, वेळही होता. कंडक्टरनं घंटी मारली आणि मी मागं सरकलो.