पाच अंकांना पाच अंक

हातात घड्याळ धरून लुक्यान साविच ओरडत होते, "पडदा! अगं पारास्का, पडदा पाड! जमीनदाराचा चहा पिऊन झाला, संपलं नाटक!"

मी पाडला. तालीम धान्याच्या कोठारात चालली होती.

"किती झाली?" मी विचारलं.

"बावीस मिनिटं. अठरावर आणा."

"पाच अंकी नाटक अठरा मिनिटांत? लोक हसतील हो."

"हसू दे. एकदाचे हसून मोकळे होतील."

सरकारचा नियमच तसा. आमच्या युक्रेनी भाषेत नाटक करायचं तर त्याच संध्याकाळी आधी तेवढ्याच अंकांचं रशियन नाटक करायचं. लुक्यान साविचनी आपल्या आईवर पाच अंकी नाटक लिहिलं होतं. मग जोडीला हे चहाचं पण त्यांनीच लिहिलं, मुद्दाम आखूड.

त्यांची आई जमीनदाराची गुलाम. ते स्वतःही वीस वर्षांचे होईपर्यंत गुलामच. पुढे कोर्टात कारकून झाले. दिवसभर लोकांचे अर्ज नकलायचे आणि वाया गेलेल्या कागदांच्या पाठीवर नाटकं लिहायची. तीन नाटकं सरकारने नाकारली. हे आईवरचं चौथं. आपलं नाटक एकदा तरी उभं राहिलेलं बघायचं, एवढंच त्यांना हवं होतं.

मी दुसरीत शाळा सोडलेली. बाकीचे म्हणाले, हिला धड वाचता येत नाही, हिला कशाला घेता? त्यांनी मला आईचंच काम दिलं आणि एकेक वाक्य म्हणून पाठ करून घेतलं. त्यांना कोणी नावं ठेवली तर मी आजही भांडते.

प्रयोगाला ठाणेदार पहिल्या रांगेत बसला, सूर्यफुलाच्या बिया सोलत.

"परवानगी?"

लुक्यान साविचनी कागद पुढे केला. त्याने फक्त शिक्का बघितला.

"पाचाला पाच. मी मोजणार आहे."

दर अंकाला तो एक बोट मिटायचा. तिसरा अंक झाला. मागून कोणीतरी ओरडलं, "अरे, आपलं लावा की आता!" मलाही धीर निघेना. चौथा गाळून मी सरळ पाचव्याचा पडदा उघडला.

पडदा पडला. ठाणेदार म्हणाला, "माझं एक बोट उरलंय."

"साहेब, तुम्ही बिया सोलत होतात, तेवढ्यात एक होऊन गेला," लुक्यान साविच म्हणाले.

कोठार हसायला लागलं. ठाणेदाराने लाल होऊन बोट मिटलं.

मग आमचं नाटक झालं. पाचही अंक. कोणी जागचं हललं नाही. लुक्यान साविच विंगेत टोपीची कड चावत उभे होते.

दहा दिवसांनी त्यांची नोकरी गेली. जिल्ह्याबाहेर काढलं. मी धावत त्यांच्या घरी गेले. "माझ्यामुळे झालं. मी अंक गाळला."

"तुझ्यामुळे नाही गं. रडतेस काय गाढवासारखी? ते गाठोडं उचल."

मला वाटलं, समजूत काढतायत. चार वर्षं मी ते ओझं घेऊन फिरले. तिकडे परमुलखात ते पुन्हा अर्जच नकलत बसले. नाटक परत लिहिलं नाही. या हिवाळ्यात गेले.

त्यांची बायको याव्दोखाकाकू, तिने मला तो शिक्क्याचा कागद दाखवला. आता मला वाचता येतं. परवानगी फक्त चहाच्या नाटकाला होती. खाली दुसऱ्या नाटकाचं नाव होतं आणि पुढे 'नामंजूर'. तारीख प्रयोगाच्या तीन आठवडे आधीची.