नानांचं एक तिकीट

माझे सासरे, नाना, रांगेकडे नुसतं बघून सांगायचे, "अठरा मिनिटं." आणि खरोखर सतराव्या नाही तर एकोणिसाव्या मिनिटाला आमचा नंबर लागायचा! अकोल्याच्या एका टॉकीजमध्ये बुकिंगच्या खिडकीमागे त्यांची उभी हयात गेली होती. २००३ च्या उन्हाळ्यात ते आमच्याकडे अमेरिकेत, पिस्कॅटवेला आले आणि आठवड्याभरात देसी दुकानातल्या तिन्ही काउंटरवरच्या मुलींचा हात कसा चालतो, हे त्यांना पाठ झालं. "मधलीकडे नको जाऊ सूनबाई, ती गप्पिष्ट आहे." मी आ वासून बघत राहायची.

त्यांचं एक ठाम मत होतं. "रांगेत ठेवलेली पिशवी म्हणजे माणूसच. तिला ओलांडून जायचं नाही." रॉकेलच्या रांगेत ठीक आहे हो, पण अमेरिकेत हे कोण मानणार? तर इथल्या देवळात महाप्रसादाच्या रांगेत त्यांनी आपली खाकी पिशवी ठेवली आणि खुशाल बाहेरच्या बाकावर जाऊन बसले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण मागचे गुजराती काका आणि त्यांच्या मागच्या तेलुगू बाई, दोघंही ती पिशवी अदबीने पुढे सरकवत होते! नाना पानावर बसताना म्हणाले, "पाह्यलं? माणसं इथूनतिथून सारखीच बापा." मी तेव्हा हसले. तिथेच त्यांना अडवायला हवं होतं.

त्या पिशवीत काय नसायचं! दशम्यांचा डबा, लसणाची चटणी, पाण्याचा तांब्या आणि रोज किल्ली द्यायचं गजराचं घड्याळ. मोबाइलच्या गजरावर त्यांचा काडीचाही विश्वास नव्हता. पासपोर्ट मात्र बंडीच्या चोरखिशात, रात्रंदिवस.

आपल्याकडे कुणाचेही आईवडील आले की नायगारा आणि वॉशिंग्टन दाखवावंच लागतं, त्यातून सुटका नाही. नायगारा बघून नाना "खूप पाणी आहे" एवढंच म्हणाले होते. वॉशिंग्टनमधल्या त्या उंच पांढऱ्या मनोऱ्याच्या टोकावर मात्र त्यांना जायचंच होतं. तिकीट फुकट, पण पहाटेपासून रांग लावावी लागते, असं सुहासनं, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, सांगितल्यावर ते उडालेच. "फुकट? आणि ब्लॅक होत नाही? अरे, मग त्या खिडकीवरचा माणूस मला पाहायचा आहे!"

सकाळी साडेसहाला आम्ही नानांना रांगेत उभं केलं. सुहास गाडी पार्क करायला गेला, मी बाथरूम शोधायला. परत येताना आम्ही दोघं वाटेत भेटलो, तर समोर सगळी रांग विस्कटलेली. पोलीस हात पसरून माणसांना मागे रेटत होते, पिवळी पट्टी ओढत होते. मोकळ्या झालेल्या जागेत मधोमध एकच वस्तू होती. नानांची खाकी पिशवी.

नाना रक्तदाबाची गोळी घ्यायला झाडाखालच्या बाकावर गेले होते, पिशवी रांगेत ठेवून. आणि पिशवी टिकटिक करत होती! दोन वर्षांपूर्वी सप्टेंबरात विमानं आदळल्यापासून या गावात बेवारशी पिशवी म्हणजे काय, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. आम्हीच सांगितलं नव्हतं.

"सुहास, जा ना, सांग त्यांना!" मी म्हटलं. त्यानं माझं मनगट धरलं. "एक शब्द बोलू नकोस. ग्रीन कार्डची फाइल सरकारकडे आहे. यात आपलं नाव आलं तर संपलं सगळं." त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. मी त्याच्याकडे बघतच राहिले. हा माझा नवरा? हा त्यांचा मुलगा?

तेवढ्यात नाना पट्टीखालून वाकून आत शिरले. "सॉरी, सॉरी, माय बॅग!" म्हणत सरळ पिशवीकडे चालू लागले. पोलीस ओरडले. एकाचा हात कमरेच्या पिस्तुलावर गेला. नानांनी दोन्ही हात वर केले आणि त्यांना गवतावर गुडघे टेकायला लावलं. एकाहत्तर वर्षांचा माणूस, इस्त्रीच्या पँटीत, एवढ्या लोकांसमोर. चोरखिशातून पासपोर्ट निघाला. ढालीसारखं जाड जाकीट घातलेला एक जण पिशवीपाशी गेला, त्यानं आधी डबा काढला, मग घड्याळ.

आम्ही वीस पावलांवर होतो. मोठा साहेब खाली वाकून नानांना विचारत होता, कुणी बरोबर आहे का? नानांनी मान वळवली. गर्दीत त्यांना आम्ही दिसलो, अगदी स्वच्छ दिसलो. सुहासच्या तोंडाकडे ते क्षणभर बघत राहिले. मग साहेबाकडे वळून म्हणाले, "नो सर. आय ॲम अलोन."

मला रडूही येईना. सुहासचा इतका संताप आला की हात उगारावासा वाटला. पण मी तरी काय केलं? तोंड तर मलाही होतं. मीही तिथेच उभी राहिले.

पंधरा मिनिटांत सगळं निवळलं. साहेब भला होता. त्यानं नानांना हात देऊन उठवलं, पँटीवरचं गवत झटकलं, पिशवी खांद्याला अडकवून दिली आणि तिकिटाची खिडकी उघडताच स्वतः त्यांना तिथे नेलं. रांगेतल्या लोकांनी वाटही करून दिली. खिडकीतल्या माणसानं किती तिकिटं म्हणून विचारलं असणार. साहेब शेजारीच उभा होता. नानांनी एक बोट वर केलं.

ते एकटेच वर गेले. आम्ही दोघं खाली गवतावर बसून राहिलो. तासाभरानं ते आले. सुहास उठून उभा राहिला. नानांनीच त्याच्या पाठीवर थाप मारली. "फार उंच आहे बापा. तिथून खाली पाह्यलं तर कोण आपलं, काही ओळखू येत नाही. चला, दशम्या खाऊन घ्या." आणि खरंच त्यांनी आम्हाला वाढलं. सुहास मान खाली घालून खात होता आणि नाना त्याच्या हातावर आणखी चटणी घालत होते. त्या विषयावर पुढे त्यांनी अवाक्षर काढलं नाही. मला तर त्यांनी चार शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

ऑक्टोबरात ते परत गेले. दोन वर्षांनी ग्रीन कार्ड आलं, तेव्हा सुहासनं पहिला फोन त्यांनाच केला. "नाना, आता या. आपण तिघं मिळून वर जाऊ." पलीकडून हसल्याचा आवाज आला. "मी पाह्यलं ना रे. तुमचंच राह्यलं." त्याच हिवाळ्यात ते गेले. सुहास पोचला तेव्हा सगळं आटोपलेलं होतं.

त्यानंतर माझे आईबाबा आले, माझा भाऊ आला, सुहासचे मित्र आपापल्या आईवडिलांना घेऊन आले. सगळ्यांना वॉशिंग्टन दाखवायला सुहासच नेतो. पहाटे उठून रांगेत स्वतः उभा राहतो, जागचा हलत नाही. तिकिटं मात्र बाकीच्यांचीच काढतो. तो स्वतः अजून एकदाही वर गेलेला नाही, आणि चल म्हणायची माझी हिंमत झालेली नाही.