मोहाच्या दारूचे तीन घोट

मोखाड्याकडच्या एका उपकेंद्रात मी नर्स म्हणून रुजू झाले, तेव्हा माझ्या लग्नाला सहा वर्षं झाली होती आणि मूल नव्हतं. नवरा ठाण्याला कंपनीत. एक शनिवार सोडून एक यायचा आणि रविवारी दुपारच्या एसटीने परत जायचा. मधले दिवस मी आणि क्वार्टरच्या पत्र्यावर नाचणारी माकडं. त्यांचा निदान संसार तरी एका जागी होता.

लसीकरणाला, गरोदर बायांच्या तपासणीला मी पाड्यावर जायची. गेले की कुणीतरी धावत जाऊन प्लास्टिकची खुर्ची आणायचं. बाया खाली, मी वर. मान होता तो, नाही असं नाही. पण त्या आपसात आपल्या बोलीत खिदळायच्या, आणि माझ्याशी बोलायची वेळ आली की शाळेतली मराठी काढायच्या, तोंडी परीक्षेला उभं केल्यासारखी. चार महिने त्या खुर्चीवर बसून मला तिचा राग यायला लागला होता.

नवं धान्य घरात आलं की ते खाण्याआधी देवाला आणि मागे गेलेल्या माणसांना द्यायचं, अशी त्या पाड्यावरची रीत. घरातला म्हातारा मोहाच्या दारूचे चार थेंब जमिनीवर सोडतो आणि मग पानाचा द्रोण बसलेल्यांत फिरतो. बाप्ये, बाया, सगळ्यांत तोच एक द्रोण. जो घेतो तो घरचा. तिथली म्हातारी सुईण माझ्यावर जरा नाराजच असायची, कारण बाळंतपणं आता दवाखान्यात होत होती आणि तिचं काम मी नेलं होतं. पण त्या दिवशी तिनेच मला हाताला धरून खाली बसवलं, स्वतःच्या आणि आपल्या सुनेच्या मध्ये.

"घे बाय, जरासी घे," ती म्हणाली. "आता बसलीस ना आमच्यात."

आमचं घर जव्हारचं, वडील कचेरीत कारकून. दारूचा वासही कधी उंबरठ्याच्या आत आला नव्हता. मी तीन घोट घेतले. घसा जळला, डोळ्यांत पाणी आलं आणि सगळ्या बाया मला हसल्या. सून तर माझ्या खांद्यावर डोकं टेकून हसली. मीही हसले. इतकं बरं मला त्या अख्ख्या वर्षात वाटलं नव्हतं, आणि ते कबूल करायला आजही लाज वाटत नाही.

तेव्हा माझी पाळी पाच दिवस चुकलेली होती. सहा वर्षांत ती इतक्यांदा चुकली होती की मी दिवस मोजणं सोडून दिलं होतं. दोन आठवड्यांनी केंद्रातल्याच किटवर मी स्वतःची तपासणी केली. दुसऱ्या बायांच्या किटवर दोन रेघा आल्या की मी हसून पेढे मागायची. माझ्या आल्या, आणि पहिली आठवण झाली ती त्या द्रोणाची.

तालुक्याच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंना विचारलं. पण सरळ विचारायची हिंमत झाली नाही. म्हटलं, एक पेशंट विचारत होती.

"गरोदरपणात इतकी चालते असं कुणीच सांगू शकत नाही," त्या म्हणाल्या, "म्हणून अजिबात नको. पण नकळत एकदा घोट-दोन घोट घेतले असतील तर तिला उगाच घाबरवू नका. बहुतेक काही होत नाही. इथून पुढे बंद, एवढंच सांगा."

मी त्या पेशंटला सगळं नीट सांगितलं. तिला काही ते पटलं नाही. तिने त्यातला 'बहुतेक' तेवढा उचलला आणि घेऊन बसली.

फोनला रेंज केंद्रामागच्या टेकाडावर यायची. तिथे उभी राहून मी नवऱ्याला बातमी सांगितली. तो इतका खूश झाला की त्याला बोलता येईना. मग मी द्रोणाचंही सांगून टाकलं, कारण ते एकटीने सांभाळायचं बळ माझ्यात नव्हतं. मला वाटलं रेंज गेली.

"तू नर्स आहेस ना गं?" तो शेवटी म्हणाला.

एवढंच. पुढच्या शनिवारी डाळिंबं आणि खजूर घेऊन आला, झोप कशी लागते, उलट्या किती होतात, सगळं विचारलं. द्रोणाचं मात्र नाही. कडाडून भांडला असता तर मी त्याची ऋणी राहिले असते.

पाड्यावर मी आता खाली बसत नव्हते. बसले की द्रोण येणार, ही धास्ती. मग खुर्ची परत आली, आणि तिच्यावर बसून मी गरोदर बायांना बजावायला लागले, एक थेंबही नको. इतकं जोरात की त्या एकमेकींकडे बघायच्या. दिवाळी झाली आणि निम्म्याहून जास्त पाडा वीटभट्ट्यांवर गेला. सुनेलाही नवऱ्याबरोबर जावं लागलं. सुईण गुडघ्यांमुळे मागे राहिली. थंडीच्या दुपारी तिच्या ओट्यावर आम्ही दोघीच असायचो. एक पाड्याला नको झालेली आणि एक पाड्याची न झालेली.

"आमी सगळ्या पेत आलो," ती एकदा म्हणाली. "पोरं काय झाली नाय आमाला?"

झाली होती. त्यांची वजनं माझ्या रजिस्टरात होती, आणि ती हलकी होती. पण त्याला दारू किती कारण आणि अर्धपोटी राहणं किती, हे मला सांगता येत नव्हतं. भूक समोर दिसत असताना सगळं दारूवर ढकलायला माझी जीभ रेटत नव्हती. मी नुसतं म्हटलं, "तरी नको."

"तू पेलीस ना?"

"पेले."

"मंग?"

त्या वेळी मी तिला सांगायला हवं होतं. की दिवसातून दहा वेळा मी पोटावर हात ठेवते. बाळ हललं की जिवात जीव येतो आणि तासभर हललं नाही की तेच तीन घोट पुन्हा पुन्हा मोजते. नवऱ्याशी मोकळं बोलता येत नाही, आईला तर काहीच माहीत नाही. पण नर्सने घाबरलेलं दिसू नये, असं मला शिकवलेलं होतं, आणि तेवढी एकच गोष्ट मी नेमकी पाळली. मी बी.पी.चं यंत्र आवरलं आणि उठले. ती चूक मला द्रोणापेक्षा मोठी वाटते.

माझं बाळंतपण जव्हारला झालं. मुलगी, पावणेतीन किलोची. हातात दिल्याबरोबर मी तिची बोटं मोजली, वरचा ओठ पाहिला, डोळ्यांमधलं अंतर पाहिलं. दारूने बाळात काय बिघडतं त्याबद्दल जे जे वाचलं होतं ते सगळं तपासलं. मग इतकी रडले की आईला वाटलं आनंदाने रडतेय. तोही होताच.

ती तीन महिन्यांची असताना एका बाजाराच्या दिवशी सुईण आणि तिची सून एसटीने जव्हारला आल्या. नागलीचं पीठ आणलं होतं. त्या दारात दिसल्या आणि मी सगळ्यांमधून उठून पुढे गेले. नातेवाइकांच्या गराड्यात मी त्या दोघींचीच वाट बघत होते, हे मला तेव्हा कळलं. सुईणीने मुलीला मांडीवर घेऊन दुपटं सोडलं, टाळू दाबून पाहिली, तळवे चोळले, मान धरून उचलली. तिच्याइतकी बारकाईने माझ्या मुलीला कुणी तपासलं नव्हतं.

"काय बी कमी नाय," ती म्हणाली.

सुनेला पाचवा महिना लागला होता. अंगाने भरली होती, छान दिसत होती. मी सवयीने विचारलं, गोळ्या घेतेस ना?

"घेते गं बाय." मग ती माझ्याकडे सरकली आणि मैत्रिणीला सांगावं तसं हळूच म्हणाली, "नि ती पण थोडीच घेते. तू घेतलीस तेवढीच."

आई चहा घेऊन दारात उभी होती. ती ऐकतेय हे मला दिसत होतं. तरी मी सुनेला एका दमात सगळं सांगितलं. दोन रेघा, डॉक्टरीणबाई, टेकाडावरचा फोन, हिवाळाभर पोटावर ठेवलेला हात. माझं ते नशीब होतं, असं म्हटलं. तुझ्या बाळावर तो जुगार खेळू नकोस, असंही म्हटलं. तिने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मुलीने तिचं बोट मुठीत पकडलं होतं.

"पण झाली ना चांगली," ती म्हणाली.

माझी मुलगी तिच्याकडे बघून खळखळून हसत होती.