अर्ध्या मिनिटाचा आकडा

गेटवर बसणाऱ्याकडे किस्से देवळाबाहेरच्या चपलांसारखे साठतात. आत जाणारा प्रत्येकजण एखादा सोडून जातो.

कुपवाडला आमचं पंपाचे सुटे भाग बनवणारं छोटं वर्कशॉप आहे. मालक आण्णा. पुण्याच्या एका कंपनीनं अट घातली, "आमची ड्रॉइंगं परक्याच्या क्लाउडवर नकोत. तुमचाच क्लाउड, तुमच्याच छपराखाली. आमचा माणूस तपासेल, मगच काम." त्यासाठी आण्णांनी कराडची कॉम्प्युटर शिकलेली स्नेहल कामाला ठेवली. काम मिळालं तर पोर इथं टिकणार, नाहीतर तिला दुसरीकडं नोकरी बघावी लागणार. माझा तिच्यावर जीव. चहा आला की पहिला कप मला आणून देते.

•

स्नेहलनं सगळ्यांना समजावलं, "सर्व्हरच्या आत एक वेगळी बंद खोली केलीय. फायली तिथंच राहणार. बाहेरच्या नेटशी संबंधच नाही."

लेथवरच्या दिनकरनं मान डोलावली आणि दुसऱ्या दिवशी सर्व्हरशेजारी दह्याचं भांडं आणून ठेवलं!

"मॅडम, एवढी सुरक्षित जागा! मांजर येत न्हाई!"

एसीच्या गारठ्यात दही काही लागलं नाही.

•

मग पासवर्ड. "कुणाला ओळखता येणार नाही असा ठेवा," असं स्नेहलनं आण्णांना बजावलं. तिनं गंमत म्हणून दिनकरला ओळखायला बसवलं. त्यानं आण्णांच्या बैलाचं नाव टाकलं. पहिल्या फटक्यात उघडलं!

"ह्यो चोर हाय!" आण्णा ओरडले.

"आवं, दिवसभर त्याचंच कौतिक सांगता की!"

•

पासवर्डनंतर सहा आकडे लागतात. ते एका सिमकार्ड नसलेल्या जुन्या मोबाइलवर दिसतात आणि अर्ध्या मिनिटाला बदलतात. तो मोबाइल स्नेहलनं गेटवर माझ्याकडं दिला. "आबा, आकडा फोनवर सांगायचा नाही. माणूस समोर आला तरच दाखवायचा. आण्णा असले तरी!"

आण्णा बघून जायचे. ऑफिसात पोचून खुर्चीत बसेपर्यंत आकडा बदललेला. "ह्यो थांबतच न्हाई गड्या!" परत पळायचे. दिवाळीपर्यंत त्यांच्या पट्ट्याला नवं भोक पाडावं लागलं. शेजारचे विचारतात, "आण्णा, कुठली जिम?"

•

तपासणीला पुण्याचे साहेब आले. सकाळभर आपल्या लॅपटॉपवरून आत घुसायला बघत होते. हाताला काही लागलं नाही. जेवणानंतर म्हणाले, "आता तुम्ही एक ड्रॉइंग उघडून दाखवा."

आण्णा नुकतेच पोटभर जेवलेले. माझ्या केबिनचा फोन वाजला.

"आबा, आकडा सांगा."

"या की, दाखवतो."

"आवं, सायेब शेजारी बसून ऐकत्यात! मी आण्णा बोलतोय!"

"आवाज वळकला. पर फोनवर सांगायचा न्हाई, असं पोरीनं सांगितलंय."

"पगार कोण देतं तुमाला?"

"तुमीच देता. पर चहा पोरगी देती."

बोलून गेलो खरा. पोरीचं काम माझ्यामुळं गेलं की काय!

मग फोनमधून साहेबांचा आवाज आला, संथ. माझ्याशी नव्हे, आण्णांशी बोलत होते.

"आण्णा, काम तुमचंच. पळा आता!"